सरकार नसले तर समाज चालेल का?

मेंढा (लेखा) गावाकडून शिकण्याचा एक पाठ



रेशनच्या रांगेत, तहसील कचेरीच्या पायरीवर किंवा एस.टी.ची वाट पाहताना एक वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि कधीतरी उच्चारलेही आहे : "हे सरकार असून नसल्यासारखेच." थोडा राग जास्त असला तर पुढचे वाक्यही येते : "सरकारच नको. आपले आपण पाहून घेऊ." पण त्याच दिवशी संध्याकाळी गावातला हातपंप बंद पडला तर आपण म्हणतो, "सरकार काय झोपले आहे काय?" म्हणजे सकाळी आपल्याला सरकार नको असते आणि संध्याकाळी सरकारने सगळेच करावे असे वाटते.

ह्या दोन वाक्यांच्या मध्ये एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. सरकार नसले तर समाज चालेल का? ह्या आठवड्याच्या पाठात आपण त्याचा विचार करणार आहोत. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जंगल जिल्ह्यांत ह्या प्रश्नाचा जितका प्रत्यक्ष अनुभव आहे, तितका फार थोड्या ठिकाणी असेल. १९८२ साली चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याआधी आणि त्यानंतरही येथील कित्येक गावांना सरकार भेटले ते वनरक्षकाच्या, तलाठ्याच्या किंवा पोलिसाच्या रूपात. शाळा, दवाखाना आणि रस्ता ह्या रूपात ते फार उशिरा पोहोचले. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही.

१. एक घोषणा, दोन वाक्ये

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे ते मेंढा (लेखा) ह्या नावाने ओळखले जाते. शंभराच्या आसपास घरे, बहुतेक सर्व गोंड आदिवासी. हे गाव एका घोषणेमुळे देशभर माहीत झाले : "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार."

पुष्कळांना ह्या घोषणेचा फक्त दुसरा भाग लक्षात राहतो. मग कोणी कौतुकाने आणि कोणी संशयाने म्हणतो की ह्या गावाने सरकार नाकारले. पण घोषणा पुन्हा वाचा. तिची सुरुवातच "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार" अशी आहे. दिल्लीचे सरकार परके आहे असे हे गाव म्हणत नाही. ते आमचे आहे असे म्हणते. फक्त त्याने कोठे थांबावे आणि गावाने कोठे सुरुवात करावी, ही रेघ ते आखते. आपल्या आजच्या पाठाचे सार ह्या दोन वाक्यांत आहे.

ही घोषणा एका दिवसात जन्मली नाही. १९८० नंतरच्या वर्षांत गोदावरी आणि इंद्रावती नद्यांवर इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही मोठी धरणे बांधण्याची योजना होती. त्यात फार मोठे जंगल आणि अनेक आदिवासी गावे बुडणार होती. लालशाम शहा, बाबा आमटे आणि हजारो आदिवासी ह्यांनी "मानव बचाओ, जंगल बचाओ" असे म्हणत त्याला विरोध केला आणि योजना मागे पडल्या. ह्या आंदोलनातून येथील गावांना एक गोष्ट उमगली. आपल्याबद्दलचे निर्णय आपल्याला न विचारता होतात, कारण आपण गाव म्हणून एकत्र बसून काही ठरवलेलेच नसते. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ह्यांची ओळख ह्याच काळातली. पुढची कित्येक वर्षे गावाने बसणे, बोलणे आणि ठरवणे हेच काम केले.

२. गावाने काय केले?

मेंढ्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. एक अभ्यासगट आणि दुसरी ग्रामसभा. अभ्यासगटात ज्याला इच्छा असेल तो बसतो. बाहेरचा जाणकारही येऊ शकतो. तेथे कायदा वाचतात, हिशेब समजून घेतात, वाद घालतात. पण अभ्यासगटाला निर्णय घेण्याचा अधिकार नाही. निर्णय फक्त ग्रामसभा घेते, आणि ग्रामसभेत गावाचेच लोक असतात. शहाण्यांनी माहिती द्यावी, निर्णय मात्र ज्यांना त्याचे परिणाम भोगायचे आहेत त्यांनीच घ्यावा, असा हा सरळ विचार आहे.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. मेंढ्याची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालते. एका माणसाचा विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. आपल्याला वाटेल की अशाने कामे कशी व्हायची? वेळ लागतो हे खरे. पण बहुमताने झालेल्या निर्णयात हरलेला गट राहतो आणि तो गट निर्णय मोडण्याची वाट पाहतो. सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय पाळून घेण्यासाठी पोलीस लागत नाही. उशिरा झालेला पण सर्वांनी पाळलेला निर्णय हा लवकर झालेल्या पण कोणीच न पाळलेल्या निर्णयापेक्षा स्वस्त पडतो. ग्रामसभेत प्रत्येक घरातून पुरुषाबरोबर स्त्रीही यावी हाही आग्रह आहे, कारण सरपण, पाणी आणि मोहफुले ह्यांचा प्रश्न तिला सर्वात आधी कळतो.

ह्या सभेने काय काय ठरवले? जंगलाला आग लागू द्यायची नाही. विनापरवानगी तोड करायची नाही, मग ती गावकऱ्याने केलेली असो की बाहेरच्याने. मध काढताना पोळे जाळून माशा मारायच्या नाहीत. गावात दारू चालू द्यायची नाही. मजुरीतून काही वाटा गावाच्या सामाईक निधीत टाकायचा. जंगलाची राखण घराघराने पाळी लावून करायची.

ह्या सर्वांकडे पाहिले म्हणजे आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. मेंढा हे सरकार नसलेले गाव नाही. नियम आहेत, कर आहे, राखण आहे, न्यायनिवाडा आहे. ह्यालाच तर सरकार म्हणतात! फरक इतकाच की नियम करणारा आणि नियम पाळणारा हा येथे एकच माणूस आहे. सरकारशिवाय समाज चालतो का, असे विचारणाऱ्याला मेंढा सांगतो : नियमाशिवाय कोणताच समाज चालत नाही. नियम कोण करतो आणि कोणाच्या नजरेसमोर तो पाळला जातो, हा खरा प्रश्न आहे.

३. हे फक्त आदिवासी गावातच होते का?

कोणी म्हणेल, ही जुन्या चालीची लहान गावे, एका जातीची, एका बोलीची माणसे. तेथे जमते, आपल्याकडे नाही जमणार. ह्या शंकेत तथ्य आहे, पण पूर्ण नाही.

स्वित्झर्लंड देशात आल्प्स पर्वतात ट्योर्बेल नावाचे गाव आहे. तेथील लोकांनी १५१७ साली आपल्या सामाईक कुरणासाठी एक नियम लिहून ठेवला : ज्याने त्याने हिवाळ्यात आपल्या घरच्या वैरणीवर जितक्या गायी पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडाव्यात. जास्त सोडल्या तर दंड. राजाने हा नियम केला नव्हता. गावाने केला आणि तो शेकडो वर्षे टिकला.

अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने जगभरातील अशी कुरणे, जंगले, कालवे आणि मासेमारीची पाणी अभ्यासली. सामाईक वस्तू एक तर सरकारच्या ताब्यात द्यावी नाहीतर मालकी हक्काने वाटून टाकावी, एरवी लोक ती ओरबाडून संपवतात, असे तोपर्यंत पुष्कळ विद्वान मानत असत. ऑस्ट्रॉमबाईंनी दाखवून दिले की लोक स्वतः नियम करून अशी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. मात्र काही अटी असतात. हद्द स्पष्ट हवी. नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात हवा. राखण ठेवणारे लोकांना जबाबदार हवेत. पहिल्या चुकीला लहान दंड आणि पुढे वाढता दंड हवा. भांडण मिटवायला जवळची जागा हवी. आणि वरच्या सरकारने लोकांचा नियम करण्याचा हक्क मान्य केलेला हवा. ह्या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

ह्यातील शेवटची अट विसरू नका. गाव कितीही शहाणे असले तरी वरच्या सत्तेने त्याचा हक्क मान्य करावा लागतो. मेंढ्याची पुढची कहाणी नेमकी ह्याच अटीची आहे.

४. बांबूची गोष्ट

मेंढ्याच्या जंगलात बांबू भरपूर. पण अनेक वर्षे तो तोडण्याचा हक्क कराराने कागद गिरणीकडे होता. गावकऱ्याला घर शाकारायला, टोपली विणायला बांबू हवा तर चोरासारखे वागावे लागे. गावाने आपला गोटुल, म्हणजे सर्वांनी जमण्याची पारंपरिक जागा, जंगलातील लाकूड वापरून बांधला तेव्हा वनखात्याने तो उतरवला. गावाने तो पुन्हा उभा केला. मारामारी केली नाही, पळही काढला नाही.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखणाऱ्या गावाला त्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येईल असे त्यात म्हटले. मेंढ्याच्या अभ्यासगटाने कायदा ओळीने वाचला, पुरावे गोळा केले, दावा दाखल केला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच जिल्ह्यातील मर्दा हे गावही त्यात बरोबर होते. देशात असा हक्क मिळालेली ही अगदी पहिली गावे.

हक्काचा कागद हाती आला, पण बांबू बाहेर नेता येईना. १९२७ च्या जुन्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात केलेली होती. नव्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे मोहफुले, डिंक, तेंदूपाने ह्यांच्या ओळीतला. जुन्या कायद्याकडे बोट दाखवून वाहतुकीचा परवाना अडवला जाई. म्हणजे बांबू तुमचा, पण गावाच्या वेशीबाहेर नेलात तर गुन्हा! गावाने पुन्हा कायद्याचाच रस्ता धरला. पत्रे लिहिली, जाहीरपणे बांबू विकून प्रश्न सर्वांसमोर आणला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. ज्या गावाला टोपलीसाठी चोरून बांबू आणावा लागत होता, ते गाव आता स्वतःच्या सहीने बांबूचा ट्रक बाहेर पाठवू लागले.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगावनेही हाच मार्ग घेतला. २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यावर गावाने बांबूची विक्री स्वतः सुरू केली. पण तेंदूपाने तोडणे मात्र बंद केले. त्यासाठी झाडे छाटतात, जंगलाला आगी लावतात आणि रानातल्या जीवांचे नुकसान होते, असे गावाचे म्हणणे. तेंदूचा हंगाम म्हणजे उन्हाळ्यातील हातात येणारे रोख पैसे. ते गावाने आपल्या मनाने सोडले. वरून हुकूम आला असता तर हेच गाव मोर्चा घेऊन गेले असते.

आता बांबूच्या गोष्टीतून काय निष्पन्न झाले ते पाहू. जंगल गावाने राखले, नियम गावाने केले. पण हक्क मिळाला तो संसदेच्या कायद्याने, आणि अडलेला परवाना सुटला तो मंत्र्यांच्या हस्ते. ज्या सरकारने अडवले त्याच सरकारच्या दुसऱ्या हाताने सोडवले. २०१३ साली मेंढ्याच्या ग्रामसभेने आणखी मोठे पाऊल टाकले. गावातील सर्वांनी आपल्या शेतजमिनीची मालकी गावाच्या नावे करण्याचे, म्हणजे ग्रामदानाचे ठरवले. विनोबा भावे ह्यांच्या चळवळीतून आलेला महाराष्ट्राचा १९६४ चा ग्रामदान कायदा त्यासाठी आधाराला होता. निर्णय गावाचा, पण त्याचा कागदोपत्री अंमल व्हावा म्हणून गावाला पुढे कित्येक वर्षे सरकारदरबारी वाट पाहावी लागली. "आम्हीच सरकार" म्हणणाऱ्या गावालाही दिल्ली-मुंबईच्या सरकारची गरज लागते, ती अशी.

५. पोकळी रिकामी राहत नाही

सरकार नकोच म्हणणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यांचा दुसरा अनुभवही लक्षात घ्यावा. जेथे शाळा, दवाखाना, न्याय पोहोचला नाही, तेथे जागा रिकामी राहिली का? नाही. १९८० च्या सुमारास गोदावरीपलीकडून नक्षलवाद्यांची पथके ह्या जंगलात आली. सुरुवातीला तेंदूपानांची मजुरी वाढवून देण्याची, ठेकेदाराला आणि वनरक्षकाला जरब बसवण्याची भाषा होती. लोकांना ती आवडलीही असेल. पण हळूहळू बंदूकच न्याय करू लागली. खबऱ्या असल्याच्या संशयावरून माणसे मारली गेली. सरपंचाने राजीनामा द्यावा असे फर्मान निघू लागले. ज्या सत्तेला कोणी निवडून दिले नव्हते आणि कोणी खाली उतरवू शकत नव्हते, ती सत्ता गावावर बसली. दुसऱ्या बाजूने पोलिसी बळाचा जाचही गावाच्याच वाट्याला आला. ह्या दोन्हींच्या मध्ये किती कुटुंबांनी माणसे गमावली हे ह्या भागात राहणाऱ्या आपल्याला सांगण्याची गरज नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नक्षलवाद्यांचा एक मोठा नेता आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. चार दशकांहून अधिक काळाचे रक्त त्यामागे आहे.

टॉमस हॉब्ज ह्या इंग्रज विचारवंताने आपल्या देशातील यादवी युद्ध पाहून १६५१ साली लिहिले की सत्ता नसली तर माणूस माणसाला भिऊन जगेल, म्हणून एक बलाढ्य सत्ता हवीच. त्याच्या भीतीत सत्य आहे. पण बंदुकीला उत्तर म्हणून आणखी मोठी बंदूक एवढेच त्याचे उत्तर नसावे. मेंढ्याने तिसरी वाट दाखवली. जे गाव स्वतः बसून निर्णय घेते, तेथे बाहेरून येऊन हुकूम सोडणाऱ्याला जागा कमी उरते, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

६. कायदा आणि गाव, दोघांचीही गरज

दारूचे उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या पुढाकाराने आणि जिल्ह्यातील स्त्रियांच्या मोठ्या आंदोलनाने १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपूरमध्येही स्त्रियांनी लांब मोर्चे काढले आणि २०१५ साली बंदी आली. पण २०२१ साली सरकारने ती उठवली. बंदी असताना चोरटी दारू वाढली असे एका बाजूचे म्हणणे होते. बंदी नीट राबवलीच नाही असे दुसऱ्या बाजूचे. हा वाद आपण येथे सोडवणार नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. ज्या गावाने आपल्या सभेत दारू बंद केली, तेथे ती कायद्याआधीही बंद होती. जेथे गावाचे मन झाले नाही, तेथे कायदा असूनही बाटली मागच्या दाराने आली. उलट, गावाने ठरवले आणि शेजारच्या गावात भट्टी चालूच राहिली, तर गाव एकटे काय करणार? तेथे कायदा हवा.

दुसरे उदाहरण आनंदाचे आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत जन्मलेली कितीतरी बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाले भरलेले. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन, श्वास, ताप पाहणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग झाल्यास औषध देणे हे त्यांनी घरी जाऊन केले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. वाट गावातल्या बायकांनी काढली. पण ती देशाच्या लाखो गावांपर्यंत नेण्याचे बळ कोणत्याही एका संस्थेत किंवा गावात नव्हते. ते सरकारकडेच होते.

काही प्रश्न तर असे आहेत की ते गावाच्या हातात येतच नाहीत. ताडोबाचा वाघ गावाची शीव ओळखत नाही. गोदावरीवर तेलंगणाने बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ साली सुरू झाला आणि आपल्या सिरोंचा तालुक्यातील शेतकरी जमिनी पाण्याखाली जात असल्याचे सांगू लागले. सिरोंच्याच्या ग्रामसभेने हैदराबादशी बोलायचे कसे? सुरजागडच्या लोहखाणीला परिसरातील अनेक ग्रामसभांनी विरोध नोंदवला, तरी खाण सुरूच झाली. गावाचा आवाज वर ऐकला जावा ह्यासाठीही न्यायालय, विधानसभा आणि कायदा लागतो. सरकार नसते तर खाण आली नसती असे नाही. खाण आलीच असती, फक्त तक्रार करायला जागा उरली नसती.

७. पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभा काय शिकवते?

हा प्रश्न पवित्र शास्त्रातही आला आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएलचे वडीलधारे शमुवेलाकडे राजा मागतात. इतर राष्ट्रांना आहे, मग आम्हालाही हवा. शमुवेल त्यांना स्पष्ट बजावतो की राजा तुमच्या मुलांना आपल्या रथांसाठी नेईल, तुमची चांगली शेते घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. तरी लोक ऐकत नाहीत. दुसरीकडे शास्त्यांच्या पुस्तकाचा शेवट वाचला तर राजा नसलेल्या काळात प्रत्येक जण मनाला येईल तसे वागत होता आणि त्यातून भयंकर गोष्टी घडल्या असे दिसते. म्हणजे पवित्र शास्त्र आंधळेपणाने राजाची बाजू घेत नाही आणि बेबंदशाहीचीही घेत नाही.

मधली वाट निर्गमच्या अठराव्या अध्यायात आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहून म्हणतो की अशाने तू थकशील आणि लोकही थकतील. मग तो सल्ला देतो : दहा-दहा, पन्नास-पन्नास, शंभर-शंभर आणि हजार-हजार माणसांवर विश्वासू माणसे नेम. लहान प्रकरणे त्यांनीच सोडवावीत. फक्त अवघड तेवढे तुझ्याकडे यावे.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण हेच सांगते. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात मांडले की जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून काढून घेणे अन्यायाचे आहे. मोठ्याने लहानाला मदत करावी, त्याला गिळू नये. कुटुंबाचे काम गावाने हिसकावू नये, गावाचे राज्याने हिसकावू नये. पण लहानाला जेथे झेपत नाही तेथे मोठ्याने हात आखडूही नये. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ह्या घोषणेत हीच शिकवण गोंड आदिवासींनी स्वतःच्या अनुभवातून शोधून काढली, हे आपण नम्रपणे मान्य करावे.

८. मग आपले काय?

आपल्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात असे सांगता येईल. समाज नियमांशिवाय चालत नाही. शंभर घरांचा समाज पोलिसांशिवाय आणि बाहेरच्या हुकुमाशिवाय चालू शकतो, पण त्यासाठी त्या शंभर घरांनी बसावे लागते. आणि नदी, वाघ, रोग, खाण, शेजारचे राज्य असे प्रश्न आले की मोठे सरकार लागतेच.

ह्यातून आपल्यावर एक अवघड जबाबदारी येते. "सरकार काही करत नाही" असे म्हणणे सोपे आहे, कारण त्यात आपल्याला काही करावे लागत नाही. "सरकार नको" असे म्हणणेही तितकेच सोपे आहे. मेंढ्याचे लोक वर्षानुवर्षे रात्री बसून कायदा वाचत राहिले, न पटणाऱ्या शेजाऱ्याचे ऐकत राहिले. ते अवघड आहे. आपल्या गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा बोलावली जाते. तिला किती जण जातात? गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब होते, मग पाच-सात माणसे कागदावर सह्या घेऊन गावाचा निर्णय ठरवतात आणि पुढची पाच वर्षे आपण त्यांना नावे ठेवतो. अशा वेळी आमचे सरकार आमच्याकडून कोणी हिरावून घेतले असे म्हणता येत नाही. ते आपण रिकाम्या खुर्चीवर ठेवून आलेलो असतो.

आपल्या पॅरिशमध्येही हेच आहे. पॅरिश कौन्सिलची बैठक, महिला मंडळ, दफनभूमीच्या कुंपणाचा प्रश्न, विहिरीच्या पाण्याची वाटणी. सगळे फादरांनी ठरवावे आणि नंतर आपण टीका करावी, ही सवय आपणच लावून घेतली आहे. इथ्रोचा सल्ला आपल्यालाही आहे. जे दहा जणांना सोडवता येते ते दहा जणांनीच सोडवावे.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील किंवा वॉर्डातील कोणते तीन प्रश्न आपण स्वतः एकत्र बसून सोडवू शकतो? कोणत्या तीन प्रश्नांना सरकारच लागेल?

२. मागच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डसभेत आपल्या घरातून कोण गेले होते? घरातील स्त्री गेली होती का? नसेल तर का?

३. सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबणे आपल्या पॅरिश कौन्सिलमध्ये शक्य आहे का? त्याचे फायदे आणि अडचणी काय?

४. पाचगावने तेंदूपानांचे पैसे सोडले. सर्वांच्या भल्यासाठी आपण स्वखुशीने कोणती मिळकत किंवा सोय सोडू शकू?

५. निर्गम, अध्याय १८ आणि शमुवेलाचे पहिले पुस्तक, अध्याय ८ कुटुंबात मिळून वाचावेत. शमुवेलाचा इशारा आणि इथ्रोचा सल्ला ह्यांपैकी आज आपल्याला कशाची जास्त गरज आहे?

ह्या प्रश्नांवर प्रत्येक वाडीने आपल्या बैठकीत विचार करावा. बैठकीला घरटी निदान दोघे जण, एक पुरुष आणि एक स्त्री, हजर राहतील असे पाहावे. घाईने हात वर करून मत मोजू नये. ज्याला पटत नाही त्याचे म्हणणे आधी पूर्ण ऐकावे.